शेवट तिनेच लिहिला

सिनेमाचं नाव ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’. साल १९५७. ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम दोन तासांचा आणि त्यातला बराचसा भाग एका कोर्टरूममध्ये घडणारा. तुम्ही म्हणाल, एवढं जुनं कोण बघत बसणार? तरी एकदा बघाच. सिनेमा संपला की एक आवाज प्रेक्षकांना विनंती करतो, ज्यांनी हा सिनेमा अजून पाहिलेला नाही त्यांना याच्या शेवटाचं गुपित सांगू नका. ‘नो स्पॉयलर्स प्लीज’ म्हणण्याची फॅशन यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

सिनेमा बिली वाइल्डरचा. पण ज्या शेवटासाठी एवढी काळजी घेतली गेली, तो मुळात त्याचा नाही. साठी ओलांडलेल्या एका बाईनं नाटकवाल्यांचा विरोध पत्करून हा शेवट आपल्या नाटकात ठेवला होता. गंमत म्हणजे हीच गोष्ट तिनं २८ वर्षांपूर्वी कथा म्हणून लिहिली होती आणि तेव्हा शेवट वेगळा होता. ही बाई म्हणजे अगाथा ख्रिस्ती. पॉयरो आणि मिस मार्पलची आई म्हणून तुम्ही तिला ओळखता. आज तिला जरा वेगळ्या बाजूनं भेटू या. त्या २८ वर्षांत तिच्या आयुष्यात असं काय घडलं, ते बघू या.

घरात शिकलेली मुलगी

अगाथा मिलर १५ सप्टेंबर १८९० ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात जन्मली. घर सुखवस्तू, नाव अॅशफिल्ड. वडील अमेरिकन, स्वभावानं निवांत. आई क्लारा कल्पक आणि थोडी विक्षिप्त. मुलीनं आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये असं क्लाराचं मत होतं. मुलीनं ते ऐकलं नाही. पाचव्या वर्षाच्या आसपास ती आपली आपणच वाचायला शिकली. बरंचसं शिक्षण घरातच झालं. ती अकरा वर्षांची असताना वडील गेले, पैशांची चणचण सुरू झाली आणि मायलेकी एकमेकींना घट्ट धरून राहिल्या. आई आणि अॅशफिल्ड, हे तिचं जग होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठी झाल्यावर ती पॅरिसला पियानो आणि गाणं शिकली. पण लोकांसमोर वाजवायचं म्हटलं की हातपाय गळायचे. लाजाळूपणा तिला आयुष्यभर पुरला.

१९१२ मध्ये डेव्हनमधल्या एका बॉलमध्ये तिला आर्ची ख्रिस्ती भेटला. देखणा, बिनधास्त, विमान उडवायला शिकलेला लष्करी अधिकारी. अगाथाचं लग्न तेव्हा दुसऱ्याच एकाशी ठरलेलं होतं. ते तिनं मोडलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दोघांनी घाईघाईत लग्न उरकलं. तो लगेच आघाडीवर परतला आणि ती टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून जखमी सैनिकांची सेवा करत राहिली.

पुढे तिची बदली हॉस्पिटलच्या औषध विभागात झाली. तिथे बाटल्या, तराजू, मात्रा यांच्यात दिवस जायचा. १९१७ मध्ये तिनं औषधं बनवण्याची रीतसर परीक्षाही दिली. कोणतं विष किती प्रमाणात औषध असतं आणि किती झालं की माणूस दगावतो, हे ज्ञान तिला इथे मिळालं. तिच्या कादंबऱ्यांमध्ये विषप्रयोग इतके अचूक का असतात, त्याचं उत्तर या औषधांच्या कपाटात आहे.

पॉयरोची कोर्टातून हकालपट्टी

याच दिवसांत तिनं पहिली डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिली, ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’. युद्धामुळे बेल्जियमहून आलेले निर्वासित टॉर्कीत राहत होते, त्यावरून हर्क्युल पॉयरो हा बेल्जियन गुप्तहेर सुचला. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. शेवटी जॉन लेन तयार झाला, पण एका अटीवर. शेवट बदलायचा.

मूळ हस्तलिखितात पॉयरो सगळा उलगडा कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून करत होता. खऱ्या कोर्टात एखाद्या साक्षीदाराला असं लांबलचक भाषण कोण ठोकू देईल? प्रकाशकाला ते पटणारं वाटलं नाही. तिनं मुकाट्यानं प्रकरण पुन्हा लिहिलं आणि पॉयरोला कोर्टातून उचलून दिवाणखान्यात आणलं. सगळे संशयित एका खोलीत जमवायचे आणि गुप्तहेरानं एकेकाचं पितळ उघडं पाडायचं, हा जो सीन तुम्ही अनेक सिनेमांत बघितलाय, तो तिची ओळख बनला तो असा, प्रकाशकाच्या आग्रहामुळे. पुस्तक १९२० मध्ये आलं. नवखी लेखिका होती, शेवटाबाबत दुसऱ्याचं ऐकलं.

नंतरची काही वर्षं मजेची होती. मुलगी रोझलिंड आधीच झाली होती. १९२२ मध्ये नवरा-बायको जगप्रवासाला गेले. दक्षिण आफ्रिकेत आणि हवाईत दोघं सर्फिंग शिकले, तेही उभं राहून. एका वर्तमानपत्रानं तिच्या कादंबरीच्या क्रमशः प्रसिद्धीसाठी ५०० पाउंड दिले, त्या काळात ही फार मोठी रक्कम. त्यातून तिनं मॉरिस काउली गाडी घेतली. स्वतःच्या कमाईची, स्वतः चालवायची.

१९२५ च्या जानेवारीत एका अमेरिकन मासिकात तिची एक कथा आली. खुनाचा आरोप असलेला एक तरुण, त्याची परदेशी बायको आणि वकील. कथेचं तेव्हाचं नाव होतं ‘ट्रेटर हँड्स’, पुढे झालं ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’, म्हणजे सरकारी पक्षाची साक्षीदार. नवऱ्याच्या प्रेमात असलेली, संसारात रमलेली अगाथा ही कथा लिहून मोकळी झाली आणि पुढच्या पुस्तकाकडे वळली.

ते अकरा दिवस

मग आलं १९२६.

एप्रिलमध्ये आई गेली. अॅशफिल्ड आवरायला अगाथा एकटीच टॉर्कीला राहिली. आईचे कपडे, कागद, आठवणी, सगळं एकेक करून उपसताना ती खचत गेली. आर्चीला दुःखी माणसांजवळ बसणं जमायचं नाही, तो लंडनकडेच राहिला. जूनमध्ये ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ प्रसिद्ध झाली आणि तिचं नाव सगळीकडे गाजू लागलं. ऑगस्टमध्ये आर्चीनं सांगून टाकलं, माझं नॅन्सी नील नावाच्या मुलीवर प्रेम आहे, मला घटस्फोट हवाय.

३ डिसेंबर १९२६, शुक्रवारची रात्र. आर्ची वीकेंडला मित्रांच्या घरी गेला होता, नॅन्सीही तिथेच होती. अगाथानं झोपलेल्या मुलीचा निरोप घेतला, मॉरिस काउली काढली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ, चुनखडीच्या खाणीपाशी बेवारस सापडली. आत फरचा कोट होता, ड्रायव्हिंग लायसन्स होतं. ती नव्हती.

आता तुम्हीच तपास अधिकारी आहात असं समजा. प्रसिद्ध लेखिका बेपत्ता. नवऱ्याचं बाहेर प्रकरण. नवऱ्याला सुटका हवी. काय डोक्यात येईल? पोलिसांच्याही तेच आलं. हजारो स्वयंसेवकांनी माळरानं पालथी घातली, तळी उपसली, वरून विमानं फिरली. शेरलॉक होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉयल यानं तिचा एक हातमोजा मिळवून तो आत्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमाकडे नेला. रहस्यकथा लिहिणारी डोरोथी सेयर्स जागा बघून आली. पेपरांचे मथळे थांबेनात. संशयाची सुई आर्चीकडे वळली. मृतदेह सापडला असता, तर आर्चीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता. त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाची शिक्षा म्हणजे फाशी.

अकराव्या दिवशी, १४ डिसेंबरला, ती सापडली. उत्तरेकडच्या हॅरोगेट गावात, एका पॉश हॉटेलात. हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी तिला ओळखलं होतं. तिथे ती पत्ते खेळत होती, नाचत होती. रजिस्टरमध्ये तिनं नाव लिहिलं होतं मिसेस टेरेसा नील. होय, नील. नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव.

स्मृती गेली होती, असं आर्चीनं पत्रकारांना सांगितलं, डॉक्टरांनीही तेच म्हटलं. काहींना तो पब्लिसिटी स्टंट वाटला, काहींना नवऱ्याचा सूड. अगाथानं स्वतः या अकरा दिवसांबद्दल आयुष्यभर जवळपास मौन पाळलं. तिचं जाडजूड आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये आलं, त्यात हे प्रकरणच नाही. लोकांना तासन्तास रहस्य उलगडून दाखवणाऱ्या बाईनं स्वतःचं रहस्य मात्र बंदच ठेवलं. आपणही ते उकरायला नको. एवढं मात्र खरं, की ज्या बाईनं जवळपास दोन वर्षांपूर्वी कोर्ट, प्रेम आणि विश्वासघात यांची गोष्ट कल्पनेनं रचली होती, तिला आता त्यातल्या दोन गोष्टी स्वतःच्या अंगावर झेलाव्या लागल्या आणि तिसरी थोडक्यात चुकली.

नाव त्याचं, कमाई तिची

१९२८ मध्ये कोर्टानं घटस्फोट मंजूर केला. थोड्याच आठवड्यांत आर्चीनं नॅन्सीशी लग्न केलं. ख्रिस्ती हे आडनाव अगाथाला लेखनासाठी ठेवावंच लागलं, वाचक तिला त्याच नावानं ओळखत होते. म्हणजे बघा, ज्यानं सोडलं त्याचंच नाव पुढची जवळपास पन्नास वर्षं रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर.

याच काळात तिनं ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ ही कादंबरी रडतखडत पूर्ण केली. पैसे हवे होते, मुलगी लहान होती, मन थाऱ्यावर नव्हतं. हे पुस्तक तिला कधीच आवडलं नाही. पण आपण हौशी लेखिका होतो त्या दिवशी व्यावसायिक झालो, असं तिनं पुढे नोंदवून ठेवलंय. मूड नसला, शब्द सुचत नसले तरी लिहायचं, याला तिनं व्यवसाय म्हटलं. असाइनमेंटची डेडलाइन उद्यावर आली की हे आठवून बघा.

त्याच वर्षी तिनं वेस्ट इंडीजची तिकिटं काढली होती. निघायच्या दोन दिवस आधी एका जेवणात कुणीतरी बगदादचं कौतुक केलं आणि बगदादला ट्रेननंही जाता येतं हे कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं तिकिटं बदलली आणि ओरिएंट एक्स्प्रेसनं एकटीच निघाली. पुढे इराकमध्ये उर या प्राचीन नगरीच्या उत्खननस्थळी १९३० मध्ये तिला मॅक्स मॅलोवन भेटला. पुरातत्त्वाचा अभ्यासक, तिच्यापेक्षा जवळपास १४ वर्षांनी लहान. त्याच सप्टेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तेव्हा इंग्लंडमध्येही होताच. हे लग्न तिच्या मृत्यूपर्यंत टिकलं. उत्खननाच्या तंबूतही तिचा टाइपरायटर चालू असायचा.

पुन्हा कोर्टात

१९५२ च्या नोव्हेंबरमध्ये तिचं ‘द माउसट्रॅप’ लंडनच्या रंगभूमीवर आलं. निर्माता पीटर सॉन्डर्स. त्याची नजर आता त्या जुन्या कथेवर गेली. याचं नाटक करा, असा त्यानं धोशा लावला. अगाथानं नकार दिला. कोर्टाच्या कामकाजातलं मला काही कळत नाही, वकील मंडळी हसतील, ही भीती. पहिल्याच पुस्तकात कोर्टावरून झालेली फजिती कुणी विसरतं का? सॉन्डर्सनं शेवटी स्वतःच एक कच्चा खर्डा लिहून तिच्यापुढे ठेवला. मग तिनं मनावर घेतलं. गाजलेल्या खटल्यांची पुस्तकं वाचून काढली, वकिलांना शंका विचारल्या, उलटतपासणी कशी चालते ते समजून घेतलं. तयारी झाल्यावर प्रत्यक्ष नाटक काही आठवड्यांत लिहून झालं. लंडनचं ओल्ड बेली कोर्ट रंगमंचावर उभं राहणार होतं. न्यायाधीश, ज्युरी, विग घातलेले वकील, सगळा जामानिमा. ज्युरी म्हणजे काय ते तुम्ही ‘रुस्तम’मध्ये पाहिलंयच. निकाल देणारी साधी, सामान्य माणसं.

गोष्ट थोडक्यात अशी. लेनर्ड व्होल या तरुणावर एका श्रीमंत, वयस्क बाईच्या खुनाचा आरोप आहे, तिनं संपत्ती त्याच्या नावे केलेली आहे. त्या रात्री तो घरी होता हे सांगू शकणारी एकच व्यक्ती, त्याची बायको. पण खटल्यात ती उभी राहते सरकारी पक्षाकडून, नवऱ्याच्या विरोधात.

(स्पॉयलर अलर्ट! सिनेमा कोऱ्या मनानं बघायचा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा आणि थेट ‘निकाल’ गाठा.)

१९२५ च्या कथेत बायको कोर्टात नवऱ्याविरुद्ध साक्ष देते. मग एक अनोळखी बाई वकिलाला तिची प्रेमपत्रं आणून देते, कुणा मॅक्सला लिहिलेली. (पाच वर्षांनी आपल्या आयुष्यात खरा मॅक्स येणार, हे लिहिताना अगाथाला काय माहीत!) बायको खोटारडी ठरते, ज्युरीचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि व्होल सुटतो. नंतर वकिलाला कळतं की ती अनोळखी बाई म्हणजे वेशांतर केलेली बायकोच. प्रेमळ बायकोच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तिनं स्वतःला दुष्ट ठरवून घेतलं, खोट्या साक्षीसाठी तुरुंगात जायलाही ती तयार झाली. आणि सर्वांत मोठा धक्का म्हणजे नवरा निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर त्यानंच खून केलाय हे माहीत असून. कथा इथे संपते. प्रेमासाठी बाईनं सर्वस्व पणाला लावलं आणि ती जिंकली.

१९५३ च्या नाटकात मात्र पडदा इथे पडत नाही. सुटलेला व्होल कोर्टातच एका तरुण मुलीला जवळ घेतो आणि बायकोला सांगून टाकतो की तो आता हिच्याबरोबर जाणार. एकदा निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कायदा त्याला हात लावू शकत नाही. तेव्हा ती बायको पुराव्यातला सुरा उचलते.

निकाल

हा जादा शेवट कुणालाच नको होता. एका धक्क्यावर दुसरा कशाला, असं नाटकातल्या जाणत्या मंडळींचं म्हणणं होतं. एरवी अगाथा अशा बाबतीत फारशी हटून बसत नसे. या वेळी बसली. हा शेवट नसेल तर नाटकच करायचं नाही, इथपर्यंत. तेहतीस वर्षांपूर्वी प्रकाशकाच्या एका शब्दावर शेवट बदलणारी नवखी लेखिका ती हीच, हे सांगून खरं वाटणार नाही.

२८ ऑक्टोबर १९५३ ला लंडनच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. पहिल्या प्रयोगाच्या रात्री तिच्या पोटात गोळा यायचा. आयुष्यात मनापासून एन्जॉय केलेला पहिला प्रयोग हा एकच, असं तिनं लिहून ठेवलंय. लंडनमध्ये ४६८ प्रयोग झाले. १९५४ च्या डिसेंबरमध्ये नाटक न्यूयॉर्कला गेलं, तिथे ६४५ प्रयोग झाले आणि समीक्षकांनी त्याला सर्वोत्कृष्ट परदेशी नाटकाचा पुरस्कार दिला. त्याच महिन्यात लंडनच्या वेस्ट एंडमध्ये तिची तीन नाटकं एकाच वेळी सुरू होती.

मग वाइल्डरचा सिनेमा. चार्ल्स लॉटन वकील, टायरन पॉवर आरोपी, मार्लेन डीट्रिच त्याची बायको. सहा ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. वाइल्डरनं पटकथेत बरेच बदल केले, वकिलाच्या मागे लागणारी नर्ससुद्धा त्यानंच घातली (ती भूमिका केली लॉटनच्या खऱ्या बायकोनं, एल्सा लँचेस्टरनं). शेवट मात्र अगाथाचा, तिनं भांडून मिळवलेला.

आर्चीवरचा राग तिनं या शेवटात काढला, असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. तसं ती कधी म्हणाली नाही आणि २७ वर्षांत तिनं एक सुखी संसार उभा केला होता. पण दोन शेवट शेजारी ठेवून बघा. पस्तिशीच्या आतली अगाथा प्रेमासाठी केलेल्या त्यागापाशी गोष्ट थांबवते, कारण त्यापुढे काही असू शकतं असं तिला वाटत नाही. त्रेसष्ट वर्षांची अगाथा विचारते, ठीक आहे, त्याग केला, पुढे काय? ज्याच्यासाठी केला त्यानं त्याचं काय केलं? हा प्रश्न विचारायला कोर्टाच्या कामकाजाची पुस्तकं पुरत नाहीत. त्यासाठी १९२६ सालातून चालत यावं लागतं.

१२ जानेवारी १९७६ ला अगाथा ख्रिस्ती गेली. तिचा ‘माउसट्रॅप’ तेव्हाही सुरूच होता.

वीकेंडला वेळ काढून एक करून बघा. आधी मूळ कथा वाचा, ‘द हाउंड ऑफ डेथ’ या संग्रहात आहे आणि एका बैठकीत संपते. मग सिनेमा बघा. दोन शेवटांपैकी खरा कोणता वाटतो, त्यावर कट्ट्यावर मनसोक्त भांडा. फक्त ज्यांनी बघितलेला नाही, त्यांच्यासमोर नको.